उरलेले अन्न आणि बाईचा ‘उरलेला’ वेळ

तुळशीचे लग्न लागले की कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या फार्महाऊसांवर मांडव पडू लागतात. नेरळपासून चौकपर्यंत आणि कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता मुंबई-पुण्याची लग्ने येऊन लागतात. दोन दिवसांचे लग्न, चार वेळची जेवणे, दर वेळी नवा बेत. मग रात्री साडेअकराच्या सुमारास फोन येतो, “दीडशे माणसांचं जेवण उरलंय. अर्ध्या तासात उचला, नाहीतर टाकून देतो.”

फोन येतो तो समन्वयक बाईला. ‘समन्वयक’ हा शब्द मोठा भारदस्त आहे, पण त्याचा रोजचा अर्थ वेगळा आहे. पिकअपवाल्याला झोपेतून उठवायचे. गटात साठ नावे आहेत, त्यांतली आज येतील अशी पाच हुडकायची. कोणाचा नवरा रात्रपाळीला आहे, कोणाची सासू आजारी आहे, कोण शेवटच्या खोपोली लोकलने उतरणार आहे, हे सगळे डोक्यात ठेवायचे. कॉलेजातल्या मुलीला पाठवायचे तर तिच्या आईशी आधी बोलायचे. मग मांडवावर जाऊन झाकण उघडून वास घ्यायचा. पनीरची भाजी आंबली आहे, ती नको, भात चालेल, दहीभात नकोच. शिजवलेले अन्न साठ अंशांच्या खाली आले की त्यात जंतू वाढायला लागतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात दोन-चार तासांत खेळ संपतो. मग वाडी ठरवायची. परवा कुठे दिले होते, आज कुठे मयत झाली आहे, कुठे इतक्या रात्री गाडीचा उजेड दिसला की माणसे दचकतात. वाटप झाले की भांडी परत आणायची आणि घासायची. ही भांडी कोण घासते, हा प्रश्न कुठल्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात आमच्या वाचनात आलेला नाही.

अन्न वाचवण्याचे काम वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. २०१४ मध्ये दिल्लीत रॉबिन हूड आर्मी सुरू झाली, २०१५ मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक काढली, आणि पाहता पाहता छोट्या शहरांतूनही तरुण पोरे-पोरी गाड्या घेऊन बाहेर पडली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ज्या तालुक्यांत कुपोषित पोरांच्या याद्या निघतात, त्याच तालुक्यांत डब्यांनी अन्न उकिरड्यावर जाते, हे पाहून ज्याच्या पोटात ढवळून येत नाही तो माणूसच नव्हे. तेव्हा आमचे भांडण अन्न उचलण्याशी नाही. ते कोणाच्या जिवावर उचलले जाते, आणि उचलून ज्यांच्या पुढ्यात ठेवले जाते त्यांना त्यात काही बोलता येते की नाही, याच्याशी आहे.

अशा कुठल्याही गटात नीट पाहा. गाडी चालवणारे, मांडववाल्याशी हात मिळवणारे, बॅनर धरून फोटोत उभे राहणारे बहुधा पुरुष असतात. वास घेणाऱ्या, चपात्या मोजणाऱ्या, पाकिटे बांधणाऱ्या, फोन करणाऱ्या, वही लिहिणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बहुधा बाया. कोणी ठरवून केलेले नसते. घरात जे चालते तेच गाडीत बसून बाहेर येते. विचारले तर उत्तर तयार असते, “बायकांना ते जमतं हो, त्यांना सवय असते.” आणि दुसरे उत्तर, “त्यांच्याकडे वेळ असतो.”

हा वेळ कुठला? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटे २८९ झाली. आनंद मानावा तर त्याच पाहणीत पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली! म्हणजे बाईची दहा मिनिटे सुटली ती पुरुषाने उचलली म्हणून नव्हे. अशा दिवसातून जो वेळ ‘उरतो’ तो झोपेतून काढलेला असतो. उरलेले अन्न गोळा करायला बाईचा उरलेला वेळ वापरायचा, आणि दोन्ही फुकट म्हणून दोन्हींची किंमत शून्य धरायची, असा हा हिशेब आहे.

आणि हा हिशेब फक्त धर्मादाय संस्थांचा असता तरी एक वेळ चालले असते. खुद्द सरकारने तो पन्नास वर्षे चालवला आहे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीतली सेविका ‘मानसेवी’ आहे. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. मान द्यायचा आणि धन राखायचे, असा या शब्दाचा खरा विग्रह आहे. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभरच्या सेविका-मदतनिसांना ऐन थंडीत संपावर बसावे लागले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचे मानधन महाराष्ट्रात २०२३ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाले. दीडशे पोरांचा भात, डाळ, भांडी, सरपण, सगळे धरून. अंगणवाडीतल्या एका पोराच्या आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर होता दिवसाला ८ रुपये. लग्नाच्या मांडवातल्या एका पानाचा दर मैत्रिणींनी स्वतःच विचारून पाहावा.

म्हणून अन्न वाचवणाऱ्या गटात ‘स्वयंसेविका’ हा शब्द वापरताना आपण जरा थबकले पाहिजे. भुकेच्या कामातली सगळी राबणारी बाईमाणसे या देशात स्वयंसेविकाच ठरवली गेली आहेत. नवा गट काढून आपण त्यात आणखी एक थर घालतो आहोत का?

आता वाडीकडे वळू. कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी वाड्या डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. कातकरी समाज महाराष्ट्रात अतिअसुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. दिवाळी सरली की घरातली जाणती माणसे, पोरेबाळे घेऊन, वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. (‘उचला’ असा फोन आपल्याला येतो, तेव्हा वाडीवर ‘उचल’ या शब्दाचा अर्थ काय हे आठवलेले बरे.) परततात ती पाऊस तोंडावर आला की. मग आषाढ, श्रावण, भादवा. कणगी रिकामी, मजुरी तुरळक, ओढ्याला पूर, दवाखाना लांब. वाडीवरची बाई उपाशी राहते ते या महिन्यांत. घरात जे असेल ते आधी पोरांना, मग पुरुषाला, आणि तळाशी राहिले तर तिला.

आणि लग्ने कधी लागतात? तुळशीच्या लग्नापासून पुढे, वैशाखात सगळ्यात जास्त. आषाढी एकादशीपासून चार महिने बहुतेकांचे मुहूर्तच नाहीत. म्हणजे मांडवातले अन्न सगळ्यात जास्त उरते तेव्हा अर्धी कातकरी वाडी भट्टीवर असते, आणि वाडी भरलेली व पोट रिकामे असते तेव्हा मांडव नसतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणाऱ्यांमुळे रिसॉर्टांत अन्न उरते हे खरे. पण तेव्हा रस्त्यापासून दूरच्या वाडीवर पिकअप चढत नाही. उरलेल्या अन्नाचे पंचांग आणि भुकेचे पंचांग वेगळे आहे. कितीही उत्तम समन्वय केला तरी या दोन्हींची सांगड बसत नाही, कारण पहिले पंचांग मांडववाल्याच्या सोयीने चालते.

याच कर्जत तालुक्यात भुकेच्या पंचांगाने चाललेले काम झालेले आहे, आणि आपल्या नव्या कार्यकर्त्यांना ते ठाऊक नसते याचे वाईट वाटते. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकात इथल्या आदिवासी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. कल्पना साधी होती. सुगीत धान्य जमा करायचे, पावसाळ्यात लागेल त्याने उसने न्यायचे, पुढच्या सुगीला थोडी भर घालून परत आणून घालायचे. सावकाराच्या दारी जाणे टळावे हा उद्देश. पुढे शासनाने ही कल्पना उचलली, आणि १९९६-९७ मध्ये केंद्राचीही आदिवासी भागांसाठी धान्य बँक योजना आली. सरकारी योजनेत गेल्यावर तिचे काय होते हे सांगायला नकोच. पण त्या कल्पनेतली एक गोष्ट लाख मोलाची होती. तिथे धान्य नेणारी बाई कोणाची लाभार्थी नव्हती. नेलेले परत करणारी होती, म्हणजे बँकेची सभासद होती. रात्री बारा वाजता गाडीतून उतरलेल्या पातेल्यापुढे ताट घेऊन उभे राहणाऱ्या बाईला हे स्थान कुठे आहे?

‘अन्न बँक’ या नावाचाही एक इतिहास आहे. जगातली पहिली अन्न बँक म्हणून जिचे नाव घेतले जाते ती अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी काढली. त्या संस्थेच्या इतिहासात सांगतात की ही कल्पना त्यांना एका बाईकडून मिळाली. दुकानांमागच्या पेट्यांतून टाकलेले अन्न वेचून ती आपली मुले पोसत होती, आणि ती म्हणाली की अन्न ठेवायला-काढायला बँकेसारखी एखादी जागा हवी. व्हॅन हेंगेल यांचे नाव राहिले. त्या बाईचे नाव बहुतेक ठिकाणी सापडत नाही.

आता जरा नाजूक पण टाळता न येणारी गोष्ट. उरलेले आणि उष्टे यांत फरक आहे हे आपण स्वयंसेवकांच्या प्रत्येक शिबिरात सांगतो. पातेल्यातले चालेल, पानातले नाही. नियम बरोबर आहे. पण देणाऱ्याच्या मनात हा फरक असतोच असे नाही, आणि घेणाऱ्याच्या मनातून तर जातीचा इतिहास पुसला जात नाही. याच जिल्ह्यात, तो कुलाबा जिल्हा होता तेव्हा, मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि लोकांनी फेकलेले शिळे तुकडे खाणे सोडायला सांगितले होते. भूक होतीच तेव्हा, आजच्यापेक्षा जास्त होती. तरीही सांगितले. त्या सांगण्याला शंभर वर्षे होत आली, आणि त्याच जिल्ह्यात आपण फोटो काढून शिळे वाटणार असू, तर निदान वाडीवरच्या बाईला ‘नको’ म्हणता आले पाहिजे. ती ‘नको’ म्हणाली की “माजलेत” असे म्हणणारा स्वयंसेवक त्याच रात्री गटातून काढला पाहिजे.

मांडवामागे जाऊन पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. भांडी घासायला, पत्रावळी उचलायला, खोल्या झाडायला रोजावर आणलेल्या बाया आसपासच्या वाड्यांवरच्याच असतात. कित्येक ठिकाणी त्यांना जाताना डबा भरून नेऊ देत नाहीत. ‘सवय लागते’ म्हणून. मग आपली गाडी येते, तेच अन्न तिच्या डोळ्यांदेखत भरले जाते आणि दान म्हणून तिच्याच वाडीवर पोचते. दिवसभर राबून जे तिला हक्काने मिळाले नाही, ते रात्री रांगेत उभे राहून मिळते. आपण या चक्राचे एक चाक व्हायचे का? तिला नीट रोज द्या, कामाच्या जागी पोटभर जेवू घाला, आणि उरलेले सन्मानाने घरी नेऊ द्या, ही अट मांडववाल्याला घालणे हे समन्वयाचे काम नाही, असे कोणी ठरवले?

याला एक उत्तर हमखास मिळते, “बाई, तुम्ही प्रत्येक चांगल्या कामात खुसपट काढता. तोवर पोरं उपाशी झोपतात, त्याचं काय?” हा प्रश्न खोटा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. गाडीरस्ता नसलेल्या त्या डोंगरावर भर पावसात पायवाटेने चढून स्थानिक पोरे मदतीला धावली. अशा वेळी कोण किती तास राबले याचा हिशेब मागत बसणारी बाई आम्ही नव्हे. संकटात शिजवलेले अन्न, ताबडतोब, मिळेल तिथून. पण आपत्तीच्या रात्रीची रीत रोजची रीत झाली की गोंधळ होतो. रोजची भूक ही आपत्ती नाही. ती ठरवून उपाशी ठेवण्याची व्यवस्था आहे आणि तिच्यावर कायदा झालेला आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीतून मोफत आहाराचा आणि किमान ६,००० रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क दिला, शिधापत्रिकेवर घरातल्या मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते ६,००० पहिल्या बाळापुरते ५,००० वर आणले. आपल्या गाडीने वाडीवर चकरा मारल्या, पण अंगणवाडी महिन्यात किती दिवस उघडली, कोणाची शिधापत्रिका मुकादमाकडे गहाण आहे, हे त्या चकरांत विचारले नाही, तर आपण सरकारला फुकटात सुट्टी दिली.

शिवाय काम थांबवा असे आम्ही म्हणतच नाही. ते वेगळ्या तऱ्हेने करा असे म्हणतो. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले, १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. नोंदणी, नोंदवही, अन्न सुरक्षित ठेवणे, हे त्यात आहे. अन्नाची काळजी घेणारे नियम आहेत ते. ते उचलणाऱ्या हातांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. समन्वयाचे काम रोजचे असेल तर त्याला रोज द्या, निदान किमान वेतनाइतका. पैसे कुठून? ज्याचे अन्न टाकून द्यायचे वाचले, त्याने गाडीभाडे, भांडी घासण्याची मजुरी आणि समन्वयकाचा दिवस भरावा. मांडवाला लाखो घालणाऱ्याला हे जड नाही. रात्री दहानंतरचा फोन घ्यायचाच नाही. मांडववाल्याने उरणार हे संध्याकाळीच ओळखावे, आचाऱ्याला ते बरोबर कळते. बाई रात्री जाणार असेल तर एकटी नाही, आणि परत घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी गटाची. भांडी घासण्याची पाळी वहीत लिहायची, त्यात गाडी चालवणाऱ्याचेही नाव. हे एवढे शेवटचे करून पाहा, किती पुरुष स्वयंसेवक टिकतात तेही कळेल!

आणि शिजवलेल्या अन्नापेक्षा कोरडे मागा. दुकानातले, गोदामातले, मांडवातले न वापरलेले तांदूळ, डाळ, तेल, गूळ. ते वैशाखात घेऊन आषाढापर्यंत ठेवता येते. वाडीवरच्या बायांच्या ताब्यात कोठी द्यायची. काय घ्यायचे, काय नाकारायचे, कोणाला आधी, हे त्यांनी ठरवायचे. धान्य बँकेची जुनी वाट आपल्या तालुक्यात अजून पूर्ण बुजलेली नसेल. जाणत्या बायांना विचारले तर सापडेल.

आपल्या चळवळीला हा वारसा नवा नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या तेल, साखर, रवा मागत होत्या, रास्त भावात आणि हक्काने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या त्या बायांना तोवर कोणी कामगार मानत नव्हते. मंडळाने त्यांना बँकेच्या दारात नेले, कर्ज मिळवून दिले, सावकारापासून सोडवले. रांधणे हे काम आहे, हे तिथे कागदावर आले. पन्नास वर्षांनी त्याच रांधण्या-वाढण्या-घासण्याला आपण पुन्हा ‘सेवा’ म्हणत असू, तर कुठून कुठे आलो?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत असे काम करणारे जे गट आहेत त्यांनी ज्येष्ठ संपायच्या आत एकत्र बसावे असे आम्हाला वाटते. मांडववाल्यांशी करायच्या लेखी अटी, समन्वयकाचा रोज, आणि आषाढापूर्वी कोणत्या वाड्यांवर कोठ्या भरायच्या, हे तीन विषय पुरेत. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेला बोलवावे. वाडीवरच्या बाया निमंत्रित म्हणून नकोत, ठरवणाऱ्या म्हणून हव्यात, आणि त्या दिवसाची त्यांची बुडालेली मजुरी बैठकीच्या खर्चात धरावी. बैठक सकाळी ठेवावी. संध्याकाळी सातला ठेवली तर वाड्यांकडे जाणारी शेवटची एस.टी. चुकते.